हेम्प, भांग, गांजा: कायदा झाडाचा कोणता भाग कुठे मोजतो?

पानगळ (धागालेखक)

हेम्पच्या बिया, बियांचं तेल, 'विजया' (म्हणजे भांग) अर्काच्या बाटल्या, साबण, पिशव्या, शर्ट. ऑनलाइन दुकानात हे सगळं एकाच पानावर दिसतं आणि लोक सरसकट विचारतात, "हे कायदेशीर आहे ना?" या प्रश्नाला एकच उत्तर देणारा माणूस चुकतो, मग तो 'हो' म्हणो की 'नाही'. आपल्याकडच्या मुख्य कायद्यात गांजापासून वेगळं काढलेलं 'हेम्प' नाहीच. कॅनॅबिस प्रजातीचं कोणतंही झाड म्हणजे कॅनॅबिसचं झाड, एवढंच अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा, १९८५ म्हणतो. नशा कमी की जास्त, यावर तिथे भेद नाही.

भेद आहे तो झाडाच्या भागावर. कलम २ मधली व्याख्या मी सोप्या मराठीत मांडतो:

चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध केलेली. हशीश तेलही त्यातच येतं.
गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. बिया आणि पानं यातून वगळली आहेत, पण *ती शेंड्यांसोबत नसतील तेव्हाच*.
तिसरा प्रकार म्हणजे या दोहोंपैकी कशाचंही मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय.

म्हणजे नुसतं पान (भांग), नुसती बी, काडी आणि वाख या व्याख्येत येत नाहीत. ही मांडणी १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातून आली. तंतू आणि बियांसाठीची औद्योगिक लागवड त्या करारानेच बाजूला ठेवली होती, आणि आपलं कलम १४ त्याच धर्तीवर आहे. तंतू, बी किंवा बागायती हेतूसाठी लागवडीला सरकार अटी घालून परवानगी देऊ शकतं.

पण एनडीपीएसच्या बाहेर पडलेली वस्तू मोकळी होत नाही. कलम १० नुसार चरस सोडून बाकी कॅनॅबिसचं नियमन राज्याकडे आहे, शिवाय प्रत्येक राज्याचा अबकारी किंवा दारूबंदी कायदा वेगळा. बी खायला विकली की अन्नसुरक्षा कायदा लागतो. पान औषधात गेलं की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०. वस्तू हातात घेतली की मी तीन गोष्टी विचारतो: झाडाचा कोणता भाग, कोणत्या परवान्याखाली, आणि या क्षणी माल कोणत्या राज्यात आहे?

कोरडवाहू

छान सुरुवात. शेतकऱ्यांसाठी दोन गोष्टी जोडतो.

पहिली शब्दांची. इंग्रजी शब्दकोशात 'हेम्प' शोधलं की मराठीत ताग, अंबाडी, सण, भांग असं काहीही मिळतं. आपण हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतो तो क्रोटालेरिया जुन्सिया, द्विदल वर्गातलं पीक. अंबाडी ही जास्वंदीच्या कुळातली. दोन्हींना इंग्रजीत अनुक्रमे 'सन हेम्प' आणि 'डेक्कन हेम्प' म्हणतात, पण कॅनॅबिसशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. तागाला परवाना लागत नाही. बियाण्याच्या पिशवीवर 'हेम्प' वाचून घाबरू नका, आणि याच शब्दाच्या भरवशावर कुणी 'औद्योगिक हेम्पचं बियाणं' विकायला आला तर भुलूही नका. पिशवीवरचं शास्त्रीय नाव वाचा.

दुसरी गोष्ट लागवडीची. गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात वजनाचे टप्पे आहेत: १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोपासून व्यापारी प्रमाण. चरसाला १०० ग्रॅम आणि १ किलो. लागवडीला मात्र असे टप्पे नाहीत. कलम २०(अ) मध्ये शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तुरीत किंवा उसात लपवलेली दहा झाडं असोत की अर्धा एकर, कलम तेच.

जमीन तुमची पण लावलं दुसऱ्याने, तर कलम ४६ वाचा. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आहे हे कळल्यावर जमीनधारकाने पोलिसांना किंवा संबंधित खात्याला ताबडतोब कळवायचं असतं. जाणूनबुजून टाळाटाळ केली तर तोही शिक्षेस पात्र. कलम ४७ तीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकतं. ठोक्याने किंवा बटाईने जमीन दिली असेल तर बांधावर फेरी मारत जा, आणि काही दिसलं तर तोंडी न सांगता लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

घाणा

उत्तराखंडात तर सरकारनेच लागवडीला परवाना दिला ना? ०.३ टक्क्यांखाली टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) असेल तर देशात कुठेही चालतं असं ऐकलं आहे. मग तिथलं बियाणं आणून इथे पेरलं तर काय अडचण?

पानगळ

घाणा, हाच गैरसमज सगळ्यात महाग पडतो. ०.३ टक्के हा आकडा एनडीपीएस कायद्यात कुठेही नाही. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाना दिला, तो राज्याच्या अधिकारात आणि त्या राज्याच्या हद्दीपुरता. ०.३ ही त्या परवान्याची अट आहे, देशभराची व्याख्या नव्हे. तेच बी महाराष्ट्राच्या मातीत परवान्याशिवाय उगवलं की कलम २०(अ) लागू होतं, टीएचसी ०.१ निघालं तरी.

आकड्याचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल आणि अमेरिकेचे आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी ही रेघ ओढली. नशेचा उंबरठा मोजून ती काढलेली नव्हती. पुढे कायदेमंडळांनी तीच उचलली.

आता महाराष्ट्र. आपला दारूबंदी कायदा १९४९ चा, म्हणजे एनडीपीएसपेक्षा छत्तीस वर्षांनी जुना. ज्या झाडापासून मादक द्रव्य काढता येतं ते भारतीय हेम्पचं झाड त्यात व्याख्येनेच येतं. कलम ६६(१)(ब) मध्ये मादक पदार्थ किंवा हेम्प परवान्याशिवाय बाळगणं, वापरणं, वाहून नेणं हा गुन्हा आहे. म्हणून होळीची भांग एनडीपीएसबाहेर असली तरी मुंबई-पुण्यात परवान्याशिवाय ती आणणं आणि वाटणं गुन्ह्यात बसतं. उत्तर प्रदेशात अबकारी खात्याच्या परवान्याची भांगेची दुकानं आहेत, तिथली पावती इथे ढाल होत नाही. गुजरातचा कायदा आपल्याच जुन्या मुंबई राज्यातून आलेला, पण त्यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये भांग आपल्या मादक द्रव्यांच्या यादीतून काढली. एकाच मूळ कायद्याची दोन राज्यं आणि आज दोन उत्तरं.

परीक्षानळी

टक्के आणि मिलिग्रॅमचा घोळ इथेच मिटवू या, कारण बाजारातले बहुतेक 'लॅब रिपोर्ट' इथेच पडतात.

०.३ टक्के म्हणजे किलोमागे ३००० मिलिग्रॅम. ही उभ्या पिकाची, वाळलेल्या शेंड्यांची मोजणी. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) नोव्हेंबर २०२१ मध्ये जे निकष आणले, ते असे:

बी: एकूण टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत
बियांचं तेल: १० मिलिग्रॅमपर्यंत
बियांपासून केलेली पेयं: ०.२ मिलिग्रॅमपर्यंत
सीबीडी (याच झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य): ७५ मिलिग्रॅमपर्यंत

म्हणजे बियांची मर्यादा पिकाच्या मर्यादेपेक्षा सहाशे पटीने कडक. 'टीएचसी ०.३ टक्क्यांखाली' असं छापलेला अहवाल घेऊन बियांचे लाडू विकायला निघालेल्या माणसाकडे प्रत्यक्षात काहीच पुरावा नसतो.

अहवालात आधी 'मोजता येणारी किमान पातळी' बघा. ती ०.०५ टक्के लिहिली असेल तर किलोमागे ५०० मिलिग्रॅमखालचं त्या यंत्राने पाहिलंच नाही. 'आढळले नाही' हा शेरा मग निरुपयोगी. पेयासाठी तर एलसी-एमएस ही फार सूक्ष्म प्रमाण टिपणारी पद्धतच मागा.

'एकूण टीएचसी' म्हणजे काय तेही विचारा. कच्च्या झाडात बहुतेक भाग आम्लरूपात, टीएचसीए म्हणून असतो. उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून टीएचसी बनतं, रेणूचं वजन घटतं, म्हणून सूत्र असं: टीएचसी + (०.८७७ × टीएचसीए). समजा टीएचसी ०.०५ टक्के आणि टीएचसीए ०.३०. वरवर पाहता दोन्ही मर्यादेत. एकूण मात्र ०.०५ + ०.२६३ = ०.३१३, पीक नापास. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो, त्यामुळे तिथे आपोआप एकूणच मोजलं जातं. एचपीएलसी या न तापवता मोजायच्या पद्धतीत दोन्ही वेगळे दिसतात आणि बेरीज करावी लागते. विक्रेत्याने फक्त पहिला आकडा दाखवला तर दुसरा मागून घ्या.

घाणा

माझा गैरसमज दूर झाला, आभार. आता बियांकडे येतो. बीमध्ये टीएचसी तयारच होत नाही ना? मग ५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली कशी जाते?

परीक्षानळी

बीच्या आत होत नाही, बरोबर. बीला वेढून असलेल्या हिरव्या आवरणावर राळेच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. मळणीत ती राळ बीच्या टरफलाला चिकटते आणि तुऱ्याचा (फुलोऱ्याच्या शेंड्याचा) भुसा बियांत मिसळतो. हिशोब करून बघा. ०.३ टक्क्यांच्या पिकाचा भुसा बियांत शेकडा एक राहिला, म्हणजे किलोला १० ग्रॅम. त्यात ३० मिलिग्रॅम टीएचसी. मर्यादेच्या सहापट, तेही परवान्यातल्या हलक्या वाणाचं! रानटी झाडाची बी असेल तर विचारायलाच नको.

उपाय साधे आहेत: दोन वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्या, मग वारा देणं, मग टरफल काढणं. सोललेल्या बीत राळ फारच कमी उरते. धुतलं तर लगेच आणि पूर्ण वाळवावं लागतं, नाहीतर बुरशी.

दुसरी अट अशी की खाण्यासाठी विकलेली बी उगवणारी नसावी. सोलल्यावर हा प्रश्न बहुतेक संपतो. अख्खी बी विकायची तर वाफ किंवा उष्णता देऊन प्रत्येक लॉटची उगवण तपासा. ओल्या टीपकागदावर शंभर बिया, सात दिवस. एक जरी कोंब आला तरी तो लॉट परत उष्णतेला. पण जास्त भाजलं की तेल खवट होतं, म्हणून तापमान आणि वेळ वहीत नोंदवत जा.

घाणा

तेलाच्या बाजूने मी भर घालतो. बीत साधारण तीस टक्के तेल असतं. लाकडी घाण्यावर सगळं निघत नाही, किलोभर तेलाला चार किलोच्या आसपास बी जाते. टीएचसी पाण्यात नाही, तेलात विरघळतं. बीचा अहवाल काठावर, ५ मिलिग्रॅमचा असेल तर चार किलोत २० मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं एक किलो तेलात उतरणार. बी पास, तेल नापास! तेल काढायचं तर बी अडीच मिलिग्रॅमच्या आतलीच घ्यावी, आणि तेलाची तपासणी वेगळी करावी. पहिल्या धारेला गढूळपणा असतो, त्यात टरफलाचा बारीक चुरा उतरतो. निवळू द्या, गाळा, मगच नमुना काढा.

हे तेल फोडणीचं नाही. बहु-असंतृप्त मेदाम्लं भरपूर असल्याने ते तापवल्यावर लवकर बिघडतं. गडद काचेची लहान बाटली, थंड जागा, आणि लेबलवर 'तळण्यासाठी नाही' असं स्पष्ट लिहावं.

उत्तराखंडी चटणीची बी मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. 'भंगजीर' नावाने पहाडात जे मिळतं ते पेरिला, तुळशीच्या कुळातलं वेगळं झाड. बिलावर नाव नीट लिहून घ्या, कारण इथे तपासणी झाली तर अधिकारी बिलच वाचतो.

कोरडवाहू

लेबलबद्दल कुणीतरी लिहा. हिरव्या सात-बोटी पानाचं चित्र नाही असं हेम्पचं पाकीट क्वचितच दिसतं.

पानगळ

ते चित्रच घात करतं. उत्पादनाने नशा येते असं थेट किंवा सूचकपणे भासवणारी मांडणी एफएसएसएआयला चालत नाही, आणि सीबीडीबद्दल पोषणाचा किंवा आरोग्याचा दावाही करता येत नाही. पान छापलं की पहिल्या अटीवर वाद उभा राहतो. बीचं चित्र टाका, 'हेम्प सीड' लिहा, बाकी नेहमीचं: घटक, पोषणमूल्यं, परवाना क्रमांक, लॉट, तारीख. 'शांत झोप', 'वेदनामुक्ती' असले शब्द अन्नाच्या पाकिटावर नकोत. परवानाधारक उत्पादकाला दर सहा महिन्यांनी तपासणी लागतेच, पण या मालात शेत बदललं की आकडा बदलतो. म्हणून दर लॉटला अहवाल घ्या.

वैद्य_मराठवाडा

पानाच्या बाजूने लिहितो. सीबीडी तेल म्हणून जे विकलं जातं, ते आपल्याकडे बहुतांशी आयुर्वेदिक औषध म्हणून येतं, 'विजया पत्र' या घटकाच्या नावाने. त्याचा आधार १९४० च्या कायद्यातला: पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांत विजया आहे. शारंगधर संहितेतलं जातीफलादि चूर्ण त्यातलं नेहमीचं उदाहरण, त्यात भांगेचा वाटा मोठा. उत्पादकाने नमुना २४-डी मध्ये अर्ज करून २५-डी चा परवाना घ्यायचा, आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन देतं. स्वतःचं मिश्रण असेल तर नियम १५८-ब चे पुरावे लागतात.

भांग (बिया सोडून) ई(१) या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, कुचला आणि बिब्ब्याच्या रांगेत. म्हणून पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना इंग्रजी आणि हिंदीत ठळक हवी. ती नसलेली बाटली 'आयुर्वेदिक' म्हणून कुणी दिली तर घेऊ नका. कर्करोग, मधुमेह, अपस्मार बरा होतो अशी जाहिरात केली तर १९५४ चा जादुई उपायांचा कायदा वेगळा लागतो.

शोधन केलं म्हणजे नशा गेली, असं समजणारे बरेच आहेत. पाणी निवळेपर्यंत धुणं, वाळवणं, गाईच्या तुपात मंद भाजणं ही रीत औषधीकरणाची आहे. कायद्याच्या दृष्टीने ती भांगच राहते.

परीक्षानळी

आणि रसायनाच्या दृष्टीने भाजल्यावर टीएचसीएचं टीएचसी होतं, म्हणजे परिणाम वाढतो. मात्रा वैद्यानेच ठरवावी, ती यासाठीच.

पानगळ

वैद्यांच्या मुद्द्यात कायद्याचा कळीचा खिळा आहे. 'पत्र' हा शब्द खरा असेल तरच ते औषध एनडीपीएसबाहेर राहतं. अर्क तुऱ्यांपासून काढला असेल तर वस्तू चरस किंवा हशीश तेलाच्या व्याख्येकडे सरकते. पाल्याच्या पोत्यात तुरे निघाले तर 'शेंड्यांसोबत नसतील तेव्हाच' ही सूट जाते आणि सगळ्या पोत्याचं वजन गांजात धरण्याचा मुद्दा उभा राहतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की मिश्रणात तटस्थ पदार्थाचंही वजन मोजायचं. पाला घेणाऱ्याने तोडणी फुलोऱ्याआधी झाली का ते विचारावं, पोती उघडून चाळावी, आणि लॉटनिहाय फोटो व नोंद ठेवावी.

मिनेसोटाकर

इथल्या मराठी मंडळींना सांगायलाच हवं, कारण दिवाळीला घरी जाताना बॅगा भरल्या जातात. अमेरिकेत २०१८ च्या फार्म बिल या केंद्रीय शेती कायद्याने हेम्प म्हणजे वाळलेल्या वजनावर डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंतचं कॅनॅबिस, त्याचे अर्कही त्यात, अशी व्याख्या केली. ५ ग्रॅमच्या गोळीचे ०.३ टक्के म्हणजे १५ मिलिग्रॅम. हलक्या पिकासाठी काढलेली रेघ गोळीला लावली तर नशेला पुरेल इतकं टीएचसी कायदेशीर ठरतं. मिनेसोटाने जुलै २०२२ पासून हे उघडपणे नियमात आणलं: एका मात्रेत ५ मिलिग्रॅम, पाकिटात ५०, खरेदीदार किमान २१ वर्षांचा. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये उलट दिशा घेतली आणि मोजता येईल इतकं टीएचसी असलेलं हेम्पचं अन्न बंद केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनेच व्याख्या बदलली. आता एकूण टीएचसी मोजायचं आणि तयार वस्तूच्या डब्यात ०.४ मिलिग्रॅमपर्यंतच, अंमल एक वर्षाने. म्हणून दुकानदाराचं 'फेडरली लीगल' हे वाक्य तारीख बघून वाचावं.

भारतात उतरताना यातलं काहीही उपयोगी नाही. डेल्टा-८, डेल्टा-९ आणि डेल्टा-१० हे टीएचसीचे सगळे प्रकार एनडीपीएसच्या मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहेत. गोळ्यांचं पाकीट मुंबई विमानतळावर सापडलं तर तो कलम २३ खालचा, आयातीचा विषय. आई-बाबांच्या गुडघेदुखीसाठी म्हणूनही आणू नका.

कोरडवाहू

कापडाचं राहिलं. त्यात काही अडचण?

पानगळ

तयार धागा, कापड, पिशवी यांत ना तुरा, ना पान, ना राळ. तिथे प्रश्न उरतो तो सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचा. खऱ्या हेम्पचा कच्चा वा कुजवून काढलेला वाख शीर्षक ५३०२ मध्ये, धागा ५३०८ २० मध्ये, कापड ५३११ मध्ये. आपला ताग आणि अंबाडी मात्र ज्यूटबरोबर ५३०३ मध्ये. बिलावर नुसतं 'हेम्प' लिहून तागाचा माल पाठवला की कंटेनर अडतो, नमुना प्रयोगशाळेत जातो. काड्यांच्या गठ्ठ्यांना मात्र मी कापडासारखं मोकळं म्हणणार नाही. त्यात वाळलेले शेंडे अडकलेले असतात.

घाणा

शेवटचा प्रश्न. बी उत्तराखंडातून येणार, घाणा पुण्यात. ट्रकसोबत काय काय ठेवावं?

पानगळ

पिकवणाऱ्याच्या लागवड परवान्याची प्रत, त्यावर हंगाम आणि क्षेत्र दिसेल अशी. शास्त्रीय नाव आणि 'फक्त बी, अन्नासाठी' असं लिहिलेलं बिल. लॉट क्रमांक पोत्यावर, बिलावर आणि अहवालावर अक्षरशः एकच. अहवालात टीएचसी, टीएचसीए आणि सीबीडी तिन्ही, मिलिग्रॅम प्रति किलोत. उगवण चाचणीची नोंद आणि तुमच्या अन्न परवान्याची प्रत. बी शक्यतो तिकडेच सोलून घ्या, उगवणारी बी हद्द ओलांडत नाही आणि निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

पहिला ट्रक निघण्याआधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना लेखी कळवा: वस्तू, भाग, प्रमाण, मार्ग, वापर, आणि सोबत अहवालाची प्रत. आवक शिक्का घेतलेली प्रत फाइलला लावा. पाला किंवा काडी आणायचा विचार असेल तर हे पत्र पुरणार नाही, त्याला परवानाच लागेल.

घाणा

सोललेल्या बीवर दर सांगायला सांगतो. अहवाल आला की तिन्ही आकडे इथेच टाकतो.